खाजणपाड्याची पाऊणकी

नौपाडा, ठाणे
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८७६
(इंग्रजी तारीख पाकिटावरच्या शिक्क्यात पाहून घ्यावी. त्या बाबतीत पोस्टखाते माझ्यापेक्षा भरवशाचे आहे.)

रा. रा. त्र्यंबकराव यांस,

हरिहरचे नमस्कार पोचावेत. (तुम्ही वयाने धाकटे, पण बहिणीचे यजमान, तेव्हा नमस्कार मोजून घेण्याचा तुमचा हक्क आहे. मी ते ढोबळमानाने पाठवीत आहे.) इकडे सर्वांचे बरे चालले आहे. सौ. मंदाकिनीचा खोकला गेला आणि माझी पाठ आली, म्हणजे घरातली एकूण दुखणी होती तेवढीच राहिली. वासंतीच्या पत्रावरून कळले की वैद्यांनी तुम्हाला प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायला सांगितले असून तुम्ही त्याची टिपणवही ठेवली आहे, आणि तुमचे दुपारचे जेवण आटोपेपर्यंत तिची संध्याकाळची कणीक मळून होते. प्रकृतीस जपावे. वहीस तर जपालच.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला बसला असताना तुम्ही आकडेशास्त्र या विषयावर चार चकल्या आणि पावणेदोन तास बोललात, ते स्मरत असेल. शाळांचे आकडे नीट मांडले की कुठे काय शिकवावे, केव्हा शिकवावे, हे तक्ताच सांगू लागतो, असे तुमचे म्हणणे होते. मी मान हलवीत होतो. ती मान समजल्याची होती असा तुमचा ग्रह झाला असेल तर तो तसाच राहू द्यावा. पाहुण्याचा ग्रह मोडू नये. पण तुम्ही पुण्याची गाडी धरलीत आणि आठ दिवसांत तेच शास्त्र आमच्या कचेरीत हजर झाले. आमचे नवे साहेब मुंबईहून आकडेशास्त्राचा तीन आठवड्यांचा वर्ग करून आले. जाताना साधे गृहस्थ होते. येताना त्यांच्या खिशात सहा रंगांच्या पेन्सिली होत्या.

तोवर प्राथमिक शाळा तपासण्याची आमची पद्धत सरळ होती. मी, म्हणजे या भागाचा असिस्टंट डेप्युटी (गावात मला 'दिपोटी' म्हणतात, आणि त्या शब्दाला म्हशी घाबरतात), शाळेत जाई. मुले स्वागतपद्य म्हणत, गुरुजी नारळ देत, मी चौथीला एक कविता आणि तिसरीला एक नदी विचारी, आणि चहा घेऊन 'शाळा समाधानकारक' असा शेरा मारी. आता साहेबांनी छापील नमुने काढले. प्रत्येक शाळेची तीन वर्षांची दिनवार हजेरी, आणि प्रत्येक मुलाला कोणता पाढा कुठवर येतो त्याची मोजदाद. हेतू दोन. ज्या शाळेची सरासरी हजेरी पटाच्या तीन चतुर्थांशाहून कमी, ती बंद करून जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायची. आणि पावकी, निमकी, पाऊणकी या पाव-अर्ध्या-पाऊण पटीच्या जुन्या पाढ्यांपैकी नव्या अभ्यासक्रमातून कोणते गाळता येतील ते ठरवायचे. हे तक्ते करण्याचे काम माझ्याकडे आले, कारण पाठशाळेत बारा वर्षे व्याकरण घोकलेल्या माणसाचे अक्षर चांगले असते.

या नमुन्यात खाजणपाड्याची शाळा सापडली. डोंबिवलीहून पश्चिमेला, खाडीच्या बांधावरून दोन मैल चालत गेले की ही वस्ती लागते. मिठागरात राबणारी आणि खाडीवर पोट भरणारी चाळीसेक घरे, मारुतीच्या देवळाला लागून एक कौलारू खोली, पटावर अडतीस मुले आणि एक शिक्षिका, मालनबाई. बाई त्याच बाजूच्या, फायनल पास, पस्तिशीच्या, आणि सहा वर्षांपूर्वी त्यांनी घरोघर जाऊन एकेक मूल जमवून ही शाळा उभी केलेली. अडतीसचे तीन चतुर्थांश म्हणजे एकोणतीस धरा. खाजणपाड्याची सरासरी आली सव्वीस. तीन मुलांसाठी शाळा जायची होती. डोंबिवलीच्या शाळेत ही पोरे दोन मैल चालून जातील असे साहेबांना तक्त्यावरून वाटत होते. बांध पाहिलेल्या कुणालाही वाटले नसते. आणि बंदच्या शिफारशीखाली सही माझी लागणार होती.

आता माझ्या हातून काय घडले ते सांगतो. नमुन्यात 'दिनवार' असे छापले होते. माझ्या लेखी दिवस म्हणजे तिथी. सोमवार-मंगळवार हे बाजारासाठी ठीक आहेत, आणि इंग्रजी तारखा मला माझ्या लग्नाचीही आठवत नाही (हे सौ.ला कळवू नये, तिला माहीत आहे). शिवाय मालनबाईंच्या हजेरीपुस्तकात प्रत्येक दिवसावर तिथी ठळक लिहिलेली. तेव्हा मी तीन रविवार खर्ची घालून सगळा तक्ता तिथीवार केला. आणि काय आश्चर्य! इतर शाळांच्या हजेरीत काही डोके ना शेपूट, पण खाजणपाड्याची हजेरी तिथीबरहुकूम चाललेली. पौर्णिमा आणि अमावास्या आली की शाळा ओस, चतुर्थीपर्यंत ओस, पुढे पंचमीपासून पुन्हा गच्च. महिन्यामागून महिने, तीन वर्षे, न चुकता!

मी तर गहिवरलोच. त्र्यंबकराव, पौर्णिमा, अमावास्या, प्रतिपदा हे शास्त्राने सांगितलेले अनध्याय, पाठ बंद ठेवण्याचे दिवस! आम्ही पाठशाळेत हे दिवस पाळले, पुढे शहाणे झालो आणि सोडले. आणि इथे खाडीकाठची लेकरे कुणी न सांगता ते पाळीत आहेत! मी तक्त्याला तीन पृष्ठांची टीप जोडली. त्यात 'सनातन संस्कारांचा अव्याहत प्रवाह' असे शब्द होते. अष्टमीही अनध्यायाचीच, आणि त्या दिवशी मात्र सदतीस-अडतीस मुले हजर, हे मला थोडे खुपत होते. ते मी 'लेखनिकाचा प्रमाद' म्हणून तळटिपेत ढकलले. (लेखनिक मीच होतो.)

साहेबांनी टीप वाचली नाही. त्यांनी तक्ता पाहिला, लाल पेन्सिलीने पौर्णिमा-अमावास्येवर वर्तुळे काढली आणि निदान केले: ही खुळ्या समजुतींची शाळा आहे, अमावास्येला भुतांच्या भीतीने मुले घराबाहेर पडत नाहीत. एकाच तक्त्यात मला वेद दिसले आणि साहेबांना भूत दिसले. हुकूम निघाला की तिसरी-चौथीच्या अभ्यासक्रमात 'सर्व दिवस सारखेच' असा धडा घालावा, तो पद्यात असावा, आणि खाजणपाड्यास अमावास्येपासून पाच दिवस तो म्हणवून घ्यावा. रचना अर्थातच असिस्टंट डेप्युटींची. मी शार्दूलविक्रीडितात सहा श्लोक केले. पहिल्याच चरणात 'तमिस्रा' आली आहे, यावरून तिसरीच्या मुलांना ते किती सुगम झाले असतील याची कल्पना करावी.

दुसरे संकट पाढ्यांचे. पाऊणकी बहुतेक शाळांत कुणाला धड येत नव्हती. ती गाळावी असे जवळजवळ ठरलेच होते. खाजणपाड्याला मात्र अडतीसच्या अडतीस मुलांना, पहिलीतल्या धरून, पाऊणकी पंधरापर्यंत बिनचूक. आणि सोळावर एकालाही नाही! एक मूल सतरापर्यंत गेले असते, एखादे बारावर अडले असते, तर साहेबांनी विश्वास ठेवला असता. 'हे आकडे बाईंनी बसून भरलेले दिसतात,' असे ते मला म्हणाले, आणि जांभळ्या पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. म्हणजे आता शाळाही जाणार आणि बाईंच्या नावावर लबाडीचा शेराही बसणार. मला ते बरे वाटेना. मी म्हणालो, मी स्वतः जाऊन पाहतो.

मार्गशीर्षातली द्वितीया होती. सकाळी साडेसातला मी श्लोक घेऊन शाळेत हजर. मुले सहा. त्यांतली दोन पडशाने बेजार, एक पाय मुरगळलेली, तिघे फार लहान. मालनबाईंनी शांतपणे माझे पद्य त्या सहाजणांकडून म्हणवून घेतले. सर्व दिवस सारखेच आहेत हे बत्तीस रिकाम्या जागांना ऐकवून झाल्यावर मी विचारले, बाई, ही मुले का येत नाहीत? बाई म्हणाल्या, "साहेब, सहा वर्षांत हे आज पहिल्यांदा विचारलंत." मी म्हणालो, तुम्ही नमुन्यात कारण लिहायचे. त्यांनी नमुना पुढे केला. कारणांचे रकाने तीन छापलेले: आजार, लग्नकार्य, इतर. बाईंनी तीन वर्षे इमानाने 'इतर' भरले होते. "चौथा रकाना नव्हता, साहेब. आणि दिपोटी येणार म्हटलं की आधी चिठ्ठी येते, पोरांना आया न्हाऊमाखू घालून बसवतात. मग तुम्हाला शाळा भरलेलीच दिसणार. आज चिठ्ठी न देता आलात, बरं केलंत. परत जाताना बांधावरून जरा खाली बघत जा."

मी खाली बघत गेलो, म्हणूनच पडलो. (वर बघत गेलो असतो तर सुखरूप घरी पोचलो असतो, पण मग हे पत्र आले नसते.) नऊचा सुमार. खाडीचे पाणी पार आत ओसरलेले, दोहों बाजूंना तकतकीत काळा चिखल, आणि त्या चिखलात कमरेपर्यंत वाकलेली लहानमोठी माणसे चिंबोऱ्या काढीत होती, खडकावरची कालवे फोडीत होती. ती माणसे फार लहान का दिसताहेत याचा विचार करीत असताना माझा पाय बांधाच्या कडेवरून सुटला, आणि धोतर, छत्री, तपासणीसाठी घेतलेले हजेरीपुस्तक आणि सनातन संस्कार यांसह मी गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत चिखलात उतरलो.

"दिपोटी रुतला! दिपोटी रुतला!" असा जो आनंदाचा गजर झाला, तो माझ्या कुठल्याही स्वागतपद्यात मी ऐकलेला नाही. चहूकडून पोरे धावली. "हालू नका मास्तर! हालला का आनखी खाली जाल!" एकाने फळी आणली, दोघींनी काखेत हात घातले. मी म्हणालो, पाणी केव्हा येईल रे? (समुद्रमंथनात ओढलेल्या वासुकीच्या मनात असे प्रश्न येत नसावेत, चिखलातून ओढलेल्या माणसाच्या येतात.) त्यावर एक पाच-सहा वर्षांची चिमुरडी, नाक पुसत, क्षणभरही न थांबता म्हणाली, "आज बीज. दोन पाऊण दीड. दीडला भरल. तवर निघाल तुमी." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्र्यंबकराव, त्या चिखलात माझ्या डोक्यात जो उजेड पडला, तसा पाठशाळेत बारा वर्षांत पडला नव्हता. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ! चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. आणि भरतीच्या सहा तास आधी सुकती, म्हणजे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेपासून पाच दिवस उधाणाचे. तेव्हा सकाळी पाणी सगळ्यांत आत जाते आणि चिखल उघडा पडतो. घरातल्या पंधरवड्याच्या कोरड्यासाची बेगमी त्याच पाच सकाळी व्हायची. अष्टमीला भांग, पाणी धड भरत नाही, धड ओसरत नाही, खाडीत हाती काही लागत नाही, म्हणून पोरे शाळेत. लेखनिकाचा प्रमाद नव्हता तो.

मी रुतलेल्या जागीच हजेरीपुस्तक उघडले (निम्मे कोरडे होते) आणि नावे पुकारली. प्रत्येक नावाला चिखलातून 'हजर!' आले. बत्तिसांपैकी एकतीस हजर. बत्तिसावी गोवर आल्याने घरी. खात्याच्या इतिहासात इतकी खरी हजेरी कुणी घेतली नसेल. पण सोळाचे कोडे उरले होते. मी विचारले, सोळा पाऊण किती? तेवढ्यात आवडाबाई म्हणून एक सत्तरीची म्हातारी डोक्यावर चिंबोऱ्यांची पाटी घेऊन आली. तिने मला आधी डोक्यापासून मांडीपर्यंत (तिथवरच दिसत होतो) न्याहाळले. "ह्यो त्योच का, अवसेची गानी लिवनारा?" पोरांनी हो म्हटले. "आनि आता काय इचारतंय?" सोळा पाऊण. म्हातारी इतकी हसली की पाटीतली एक चिंबोरी माझ्या पुस्तकावर पडली. "आरं, सोळावी तिथ हाय का तुज्या पंचांगान? पंधरा झाल्या का पुन्यांदा एक! बामन ना रं तू?"

साडेनऊला मी निघालो. धोतर परवा निघाले.

पुढचे थोडक्यात. मी नवी शिफारस लिहिली: पौर्णिमा-अमावास्येपासून चतुर्थीपर्यंत खाजणपाड्याची शाळा दुपारी बारा ते पाच भरावी, एरवी सकाळी, आणि खाडीकाठच्या शाळांत पाऊणकी अभ्यासक्रमात राहावी. साहेब म्हणाले, पाण्याच्या वेळेवर शाळा भरवणे कुठल्याच परिपत्रकात नाही. मी म्हणालो, पाणी परिपत्रक वाचीत नाही. (हे मनात म्हणालो. पण ठासून म्हणालो.) अखेर पौषात एक पंधरवडा करून पाहण्याची परवानगी मिळाली. मालनबाईंनी सरासरी काढून पाठवली: छत्तीस! साहेबांना जांभळी शंका आली आणि माघ शुद्ध तृतीयेला ते स्वतः, चिठ्ठी न देता, माझ्याबरोबर बांधावरून आले.

बारा वाजता खोलीत मुले त्रेचाळीस. पट अडतीसचा, वरची पाच पाठीमागून आलेली धाकटी भावंडे, त्यांना कुणी घालवू शकले नव्हते. साहेबांनी दोनदा मोजले. मग म्हणाले, "मुलांनो, आज खाडी केव्हा भरेल?" एकच आवाज उठला, "तीन पाऊण सव्वादोन!" मालनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांच्या पदराचे टोक बोटांवर गुंडाळले जात होते, सुटत होते, गुंडाळले जात होते. साहेब उठले. खुर्ची बांधावर नेली, घड्याळ मांडीवर ठेवले आणि पाण्याकडे बघत बसले. वर्गही उठून मागे उभा राहिला. आवडाबाईही आली. भरतीची खूण म्हणून तिथे एक दगड आहे. घड्याळात सव्वादोन झाले. पाणी दगडाच्या चार बोटे खाली. दोन वाजून सोळा मिनिटे, सतरा, अठरा. बरोबर वीस मिनिटे झाली तेव्हा पाणी दगडाच्या माथ्याला लागले आणि थबकले. साहेब म्हणाले, "पाच मिनिटांचा फरक आहे."

"पानी नाय चुकला," आवडाबाई म्हणाली, "तुजा घड्याळ पुढं हाय."

परतताना डोंबिवली स्टेशनच्या घड्याळाशी ताडून पाहिले. साहेबांचे घड्याळ पाच मिनिटे पुढे होते. गाडीत बसल्यावर हिरवी पेन्सिल काढून त्यांनी शिफारशीवर 'मंजूर' लिहिले, आणि ठाण्यापर्यंत एकटेच हसत होते. माझे शार्दूलविक्रीडित रद्द झाले. मला वाटले होते त्यापेक्षा कमी वाईट वाटले. भूगोलातला भरती-ओहोटीचा पाठ वर्षाच्या शेवटी होता, तो पहिल्या महिन्यात आला. मंजुरीला दोन बारीकशा अटी आहेत, त्या खाली कळवितो. मुख्य म्हणजे आकड्यांवरून शाळा ओळखण्याच्या या शास्त्रात मी आता बराच पुढे गेलो आहे, हे तुम्हाला कळावे म्हणून एवढे लांबण लावले. वासंतीस आशीर्वाद, मुलांस पापे, घासांस विश्रांती.

तुमचा,
हरिहर

ता. क. पहिली अट: येत्या सबंध वर्षाचे वेळापत्रक, तिथींच्या इंग्रजी तारखा आणि भरतीच्या वेळा घालून, मार्चअखेर कचेरीत द्यायचे, न दिल्यास शाळा डोंबिवलीत जमा. आता कबूल करतो की वरच्या सगळ्या सरासऱ्या मालनबाईंनी काढल्या. सव्वीस कशी येते हे मला अजून कळलेले नाही, मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. तरी शनिवारी सुट्टी काढून यावे आणि हे करून द्यावे. सौ. मंदाकिनी पुरणपोळी करील.

ता. क. दुसरा, दोन दिवसांनी. येऊ नये. मालनबाईंच्या चौथीने दोन दुपारी पाट्यांवर बसून सबंध वर्ष करून टाकले. दोन ठिकाणी पंचांगातली छपाईची चूकही काढली. पुरणपोळी रद्द.

ता. क. तिसरा, आणि पत्र यासाठीच लिहिले. दुसरी अट अशी की वेळापत्रक 'आकडेशास्त्रातील पदवीधर जाणकाराने तपासलेले' असावे. चौथी अजून पदवीधर नाही. तेव्हा मी साहेबांना तुमचे नाव सांगून बसलो आहे. उलट टपाली तुमचे पोस्टकार्ड आले की शाळा राहिली. कृपा करून खरोखर तपासायला घेऊ नये. तुम्ही घासाघासाला बत्तीस मोजाल आणि मार्च संपेल. पोस्टकार्ड सोबत ठेवले आहे. मजकूर मीच लिहिला आहे, अक्षर तुमच्यासारखे वाईट काढायला मला तीन पोस्टकार्डे लागली. सही तेवढी राहिली आहे, ती करावी, आणि खाली एम. ए. लिहावे.